जेन्किन्समधून पुश अडतोय? आधी युजर बघ

लॅपटॉपवरून गिटहबला पुश (कोडमधले बदल पाठवणं) जातो आणि जेन्किन्समधून, म्हणजे सर्व्हरवर आपोआप बिल्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, जात नाही, यात नवल काही नाही. लॅपटॉपवर पुश करणारा तू असतोस, सर्व्हरवर मात्र सहसा 'जेन्किन्स' नावाचा वेगळाच युजर. तुझ्या होम फोल्डरमधली एसएसएच की (ओळख पटवणारी फाइल) त्याला कशी सापडणार? सुडो कमांडने त्याच्या नावाने शेल (कमांड टाइप करायची जागा) उघड आणि तिथून गिटहबला एसएसएच करून बघ. 'परमिशन डिनाइड' आलं तर की नाही किंवा भलतीच आहे. 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' आलं तर नोन-होस्ट्स फाइल (ओळखीच्या सर्व्हरांच्या कींची यादी) बघ. गिटहबने २४ मार्च २०२३ला आरएसए होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी की) बदलली, जुन्या सर्व्हरवर कधीकधी तीच शिळी नोंद पडून असते. ही तपासणीच बंद कर म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

क्लोन होतंय, पण पुश नाही? मग डिप्लॉय की (एकाच रेपॉझिटरीला जोडलेली एसएसएच की) फक्त वाचण्यापुरती असणार. लिहिण्याच्या परवानगीची टिक जोडताना करावी लागते. त्या एका टिकेपायी मी अख्खी दुपार घालवली आहे. एसएसएचऐवजी एचटीटीपीएसवर असशील तर टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा गुप्त कोड) घे, गिटहबवर पुश-क्लोनसाठी पासवर्ड १३ ऑगस्ट २०२१पासून चालत नाही.

आणखी एक गंमत. जेन्किन्स बहुतेकदा ब्रँच नाही, थेट कमिट चेकआउट करतो, म्हणजे डिटॅच्ड हेड, कुठल्याच ब्रँचवर नसलेली स्थिती. तिथे नुसतं 'गिट पुश' चालत नाही, 'गिट पुश ओरिजिन हेड:मेन' असं लिही. आणि वेबहुक (पुश होताच जेन्किन्सला कळवणारी सोय) लावला असशील तर बॉटच्या, म्हणजे जेन्किन्सने स्वतःच केलेल्या, कमिटवर बिल्ड थांबव, नाहीतर पुशने बिल्ड, बिल्डने पुश, रात्रभर.