तायक्वांदोतली कोरियन नावं: घोकू नका, फोडून बघा

मुलीच्या यलो बेल्टच्या परीक्षेसाठी कोरियन नावांची यादी पाठ करायची आहे, त्यांना अर्थ असतो की नुसती घोकंपट्टी, असं तुम्ही विचारलंय. अर्थ असतो, आणि मराठी माणसाला तो लवकर कळतो. कोरियनमध्येही विशेषण आधी आणि मुख्य शब्द शेवटी येतो.

म्हणून नाव मागून वाचायला शिकवा. शेवटी 'चागी' असेल तर लाथ, 'माक्गी' म्हणजे अडवणं, 'जिरुगी' सरळ ठोसा, 'चिगी' हाताच्या कडेने किंवा कोपराने केलेला प्रहार. यातला 'गी' म्हणजे आपला 'णे'. आधीचे शब्द दिशा किंवा जागा सांगतात: आप पुढे, योप बाजूला, द्वी मागे, ओल्गुल चेहरा, मोमतोंग धड, आरे खालचा भाग. आता 'आरे माक्गी' तिला स्वतःच उलगडेल.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'दोल्ल्यो चागी'मधला दोल्ल्यो. 'दोल्दा' म्हणजे फिरणे, 'दोल्लिदा' म्हणजे फिरवणे, आणि दोल्ल्यो म्हणजे 'फिरवून'. नवी मुलं ही लाथ नुसती गुडघ्यातून झटकतात, कंबर जागची हलत नाही. टेकलेला पाय चवड्यावर वळला, कंबर फिरली, की मगच लाथेला जोर येतो. 'नेऱ्यो चागी'चंही तसंच: नेऱ्यो म्हणजे 'खाली आणून'. पाय किती उंच गेला यापेक्षा टाच कशी खाली आली, हे बघायचं.

एका जागी मात्र हमखास गोंधळ होतो. 'आन' म्हणजे आत, 'बाक्कात' म्हणजे बाहेर. 'तेगुक इल जांग' या पहिल्या पूमसेतल्या (पूमसे म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम) 'मोमतोंग आन माक्गी'त हात बाहेरून आत येतो, म्हणजे इथे आन ही दिशा आहे. पण 'बाक्कात पालमोक' म्हटलं की ती मनगटाजवळची करंगळीकडची बाजू, दिशा नव्हे. पुढचा शब्द कोणता आहे ते बघितल्याशिवाय अर्थ लावू नका.

आकड्यांचे दोन संच आहेत. सरावात मोजताना हाना, दुल, सेत. क्रम सांगताना इल, ई, साम. म्हणून पहिली पूमसे 'इल जांग'.

यूट्यूबवर 'काउंदे', 'नोपुंदे' असे शब्द दिसले तर ते आयटीएफचे, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशनचे. ही संघटना 1966ची, तिची परिभाषा वेगळी आहे. तुमचा क्लास सोलच्या कुक्कीवॉनची, म्हणजे तिथल्या तायक्वांदो मुख्यालयाची पद्धत शिकवत असेल, तर मधल्या पातळीला मोमतोंगच म्हणायचं. सरांना आधी विचारून घ्या, नाहीतर परीक्षेत दोन्हींची सरमिसळ होते.

परीक्षा झाली तरी पंचांच्या आज्ञा पक्क्या करून घ्या. वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमांनी होणाऱ्या सामन्यांत त्या कोरियनमध्येच असतात: चार्योत म्हणजे सावधान, जुन्बी तयार, शिजाक सुरू, काल्ल्यो म्हणजे बाजूला व्हा, गेसोक पुढे चालू, गुमान समाप्त. काल्ल्यो म्हटल्यावरही लाथ मारली तर 'गाम-जोम' म्हणजे दंड मिळतो, आणि एक गुण थेट समोरच्याला जातो.