ओढ्याची तब्येत बघायची तर आधी दगड उलटा

पाणी तपासायच्या मीटर आणि टेस्ट किटची खरेदी सध्या राहू दे. मीटर त्या क्षणाचं पाणी दाखवतो. तळाशी राहणारे किडे मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशोब सांगतात.

उथळ, खळाळत्या जागी एक दगड हलकेच उचल, पांढऱ्या ट्रेवर धर आणि खालची बाजू नीट बघ. पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारे कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या, ही मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याची पिल्लं. दोनच शेपट्या आणि पोटाच्या कडा मोकळ्या असतील तर बहुतेक स्टोनफ्लाय या दुसऱ्या किड्याची पिल्लं. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहते ती कॅडिसफ्लायची अळी. या तिघांतल्या बहुतेकांना भरपूर ऑक्सिजन लागतो, त्यामुळे ते दिसले की मला फार बरं वाटतं. नुसत्या लाल अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडेच सापडले, तर सांडपाण्याचा संशय घे. प्रजाती ओळखायच्या मागे आत्ता लागू नकोस, गट कळला तरी पुष्कळ झालं.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- पाणी नितळ म्हणजे स्वच्छ, असं धरतात. विरघळलेलं खत किंवा कीटकनाशक डोळ्यांना दिसत नाही.
- पूर ओसरताच जातात. किडे वाहून गेलेले असतात. काही आठवडे थांब.
- पुढे ऑक्सिजन मोजशील तेव्हा वेळ एकच ठेव. शेवाळ माजलेल्या ओढ्यात तो पहाटे सर्वांत कमी असतो आणि दुपारी चढतो.

आणि दगड त्याच जागी, होता तसाच परत ठेव. खालची बाजू खालीच.