आकड्यांच्या जागी नावे घालणारा मुलगा: उद्यमबागेतील पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

सहाव्या सेमिस्टरला असलेला आपला मुलगा रात्री उशिरापर्यंत लिनक्स या संगणक-प्रणालीच्या नेटवर्क ड्रायव्हरमधले (नेटवर्कचे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्राममधले) आकडे काढून तिथे नावे घालत बसतो, आणि ‘प्रोग्राम आधीसारखाच चालणार असेल, तर याच्यावर नोकरी कोण देणार?’ असे आपण विचारले आहे.

आपला लेथचा कारखाना आहे. ड्रॉइंगवर माप आहे, पण ते कशाचे हे लिहिलेले नाही, असा जॉब लावताना आपला कारागीरही कचरतो. ड्रायव्हरमध्ये असेच घडते. इथरनेटच्या फाय चिपमधल्या (केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिपमधल्या) शून्य क्रमांकाच्या, १६ बिटांच्या नियंत्रण रजिस्टरमध्ये, म्हणजे सेटिंग ठेवण्याच्या छोट्या कप्प्यात, कुणीतरी हेक्स (१६ च्या पायावरचा) १२०० हा आकडा थेट लिहून ठेवलेला असतो. तो फोडला, तर १००० म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांनी वेग आपसात ठरवण्याची सोय चालू करणे आणि २०० म्हणजे ती बोलणी नव्याने सुरू करणे, असा अर्थ निघतो. आणि या दोन्ही बिटांना कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, एमआयआय हेडरमध्ये (अशी नावे नोंदवलेल्या फाइलमध्ये) आधीपासून नावे आहेत. मात्र तोच १००० एक क्रमांकाच्या स्थिती रजिस्टरमध्ये आला, तर त्याचा अर्थ १० मेगाबिट वेगाने एकाच वेळी दोन्ही दिशांना (फुल डुप्लेक्स) माहिती नेण्याची क्षमता असा होतो. म्हणून सरसकट फाइंड-रिप्लेस करून हे काम होत नाही. प्रत्येक आकड्यामागे डेटाशीट (चिपची माहितीपुस्तिका) उघडावी लागते, आणि एम्बेडेड (यंत्रांत बसवलेल्या संगणकांच्या) क्षेत्रातील नोकरीसाठी हीच सवय मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र त्याला स्पष्ट सांगावी. कर्नेलच्या नेटवर्क विभागाच्या लिखित नियमांत नुसत्या साफसफाईचे पॅच (कोडमधील बदलांचे प्रस्ताव) पाठवू नयेत असे सुचवलेले आहे, कारण ते तपासण्यात जाणकारांचा वेळ जातो. त्यामुळे आकडे बदलणारा पॅच त्याने त्याच ड्रायव्हरमधल्या एखाद्या खऱ्या दुरुस्तीच्या किंवा नव्या सोयीच्या आधी, त्याच मालिकेत, वेगळा ठेवून पाठवावा. फक्त नावे बदललेली असतील, तर आधीचा आणि नंतरचा कंपाइल झालेला मशीन कोड ताडून पाहावा. तो तंतोतंत जुळला, की वर्तन बदलले नाही याचा पुरावाच हाती येतो.

तो मराठी माध्यमातून शिकला, याची काळजी आपण पत्रात दोनदा व्यक्त केली आहे. पॅचसोबत इंग्रजीत चार-पाच सरळ वाक्ये लिहावी लागतात, आणि त्यांत बदल का केला एवढेच सांगायचे असते. ती वाक्ये त्याने आधी मराठीत आपल्याला समजावून सांगावीत आणि मग लिहावीत.