हाडं काढून पोट भरतं का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, सांगलीत नीटच्या क्लासला जाते. आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. तिची बायोलॉजीची वही हाडांच्या आणि स्नायूंच्या चित्रांनी भरलीय, फिजिक्सची कोरी. दिवाळीच्या सुट्टीत तिनं जीन्सच्या जाकिटावर पाठीमागं पांढऱ्या रंगानं सापळा रंगवला. आजी म्हणते, असलं अशुभ घरात नको. पोरगी म्हणते, नीट देणार नाही, आर्टला जाणार. जाकिटाचा फोटो सोबत पाठवतोय. हाडं काढून पोट भरतं का, तेवढं सांगा. (एक पालक, तासगाव)

उत्तर : सप्रेम नमस्कार. पोट भरतं, पण नुसत्या हौसेवर नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत तर ओढाताणच असते. हे आधीच सांगून टाकतो.

आता जाकीट. फोटो मोठा करून फासळ्या मोजल्या. बाराच्या बारा जोड्या आहेत. शेवटच्या दोन जोड्या तिनं आखूड ठेवल्यात आणि त्या तशाच असतात, छातीच्या हाडापर्यंत पोचतच नाहीत. हौशी माणूस इथं हटकून चुकतो. खांद्याचं पातंही दुसऱ्या ते सातव्या फासळीच्या दरम्यान, अगदी जागच्या जागी. चुकलंय ते वेगळंच : फासळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या काढल्यात. खऱ्या फासळ्या मणक्यापासून निघून खाली उतरत पुढं येतात. श्वास घेताना त्या वर उचलल्या जातात आणि छाती फुगते, ती या उतारामुळंच. तिला हे सांगून बघा. ती पुस्तक उघडून खात्री करते, की ‘मला असंच छान वाटतं’ म्हणते? दोन्ही उत्तरं चालतील, पण वाटा निराळ्या आहेत.

‘छान वाटतं’ची वाट फॅशन आणि डिझाइनकडं जाते. ती हलकी समजू नका. एल्सा स्कियापरेल्ली या डिझायनर बाईंनी १९३८ मध्ये चित्रकार साल्वादोर दाली यांच्यासोबत एक काळा पोशाख केला. त्यावर फासळ्या आणि मणका रंगवलेले नाहीत, कापडात आतून भरण घालून ते उठावदार शिवलेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये तो आजही आहे. पुढं १९९८ च्या सुमारास डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या फॅशन शोसाठी शॉन लीन यानं ॲल्युमिनियमचा मणका आणि फासळ्यांचा कॉर्सेट, म्हणजे कमरेभोवती घट्ट बसणारी चोळी, घडवला. हा लीन मुळात सोनारकाम शिकलेला. विटा-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, मंडळी तुमच्या ओळखीत असतीलच. धातूकामाचा हात असला की माणूस कुठवर जातो, हे त्यांना वेगळं सांगायला नको.

पुस्तक उघडणाऱ्याची वाट मात्र मला जास्त भावते, आणि तिचा एक धागा आपल्या साताऱ्यातून जातो. डॉक्टरांच्या कपाटात दिसणारं ‘ग्रेज ॲनाटॉमी’ १८५८ मध्ये लंडनला निघालं. मजकूर हेन्री ग्रे यांचा, चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. कार्टर चित्रकाराचा मुलगा, स्वतः डॉक्टर, आणि तेव्हा तिशीच्या आतला. त्यांनी नावं चित्राबाहेर रेघा ओढून न लिहिता त्या त्या हाडावर, त्या त्या स्नायूवरच लिहिली, त्यामुळं विद्यार्थ्याची नजर भिरभिरत नाही. त्याच वर्षी ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. जगभरच्या डॉक्टरांना ज्यांच्या चित्रांनी शिकवलं, तो माणूस इथं रोगी तपासत होता!

त्यांच्या गोष्टीतला व्यवहारही मुलीला सांगा. ग्रे यांना दर हजार प्रतींमागं दीडशे पौंड ठरले होते, कार्टरना एकदाच दीडशे. कुंचल्याआधी करार वाचायला शिक म्हणावं.

आजींना सांगा, वेरूळच्या लेण्यांत नाचणाऱ्या शिवापाशी हाडांचा सापळा झालेला भृंगी, शिवाचा भक्त, कोरलाय. देवाला चालतो तर जाकिटाला काय हरकत? (आजी ऐकतील याची हमी मी घेत नाही.)

आता मुद्द्याचं. नुसती मेडिकल इलस्ट्रेशनची, म्हणजे वैद्यकीय चित्रं काढण्याची, पदवी शोधत बसलात तर आपल्याकडं फारसं हाताला लागत नाही. एकतर चित्रकलेकडून शरीराकडं यायचं, नाहीतर शरीराकडून चित्राकडं. म्हणून बारावी सायन्स, बायोलॉजीसकट, पूर्ण होऊ द्या. आत्ता साइड बदलू नका. आर्टला बारावी कुठल्याही शाखेची चालते. बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, चार वर्षांची असते, त्यासाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय मात्र २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय, तिथले नियम त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. डिझाइनला आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही प्रवेश परीक्षा, शिवाय एनआयडी आणि निफ्ट या डिझाइन-फॅशनच्या संस्थांच्या परीक्षा. आणि एक रस्ता कुणी सांगत नाही तो : कृत्रिम हातपाय बनवण्याची पदवी, प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स. मुंबईत हाजीअलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत ती मिळते. त्याला सायन्सच लागतं. जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडला तो डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरामुळं, हे विसरू नका.

नीट एकदा देऊ दे, फी भरलीच आहे. पण कमी मार्क पडले म्हणून रिपीटला बसवू नका. फिजिक्सची वही कोरी ठेवणाऱ्या पोरीचं ते वर्ष फुकट जाईल, तुमचे पैसेही.

एखाद्या रविवारी तिला औंधला घेऊन जा. यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलं. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेला हा राजा स्वतः चित्रकार होता. तिथं हेन्री मूरचं ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. त्यात हाडं, स्नायू काही मोजता येत नाहीत, तरी ते शरीरच वाटतं. ते कसं, हे तिलाच शोधू दे.

तोवर एक काम द्या. कॉलेजच्या लॅबमधल्या सापळ्याचं मांडीचं हाड तिनं पेन्सिलीनं चारी बाजूंनी काढायचं, फोटोवरून नाही. मग ते कागद तुमच्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांपुढं ठेवायचे आणि विचारायचं : उजव्या पायाचं की डाव्या? मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत पोरांना खरं हाड हातात देऊन हेच विचारतात. डॉक्टरांना नुसत्या चित्रावरून सांगता आलं, तर ते कागद आणि अकरावीचे मार्क मला पाठवा. मग पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायच्या कामाच्या संचात, काय ठेवायचं ते बोलू.