जुन्या गाडीच्या रेडिएटरला प्रेशर लावायचं का?

प्रश्न: माझ्याकडे १९३० ची फोर्ड मॉडेल ए आहे. दहा-पंधरा मिनिटं चालवली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी यायला लागतं. नेहमीचा मेकॅनिक म्हणतो रेडिएटरला हातपंप लावून १५ पीएसआय (दाबाचं माप) हवेच्या दाबावर टेस्ट करू, गळती असेल तर लगेच कळेल. करू देऊ का?

उत्तर: नको, अजिबात नको. मेकॅनिक चुकीचं शिकलाय असं नाही, नवीन गाड्यांना तीच पद्धत बरोबर आहे, पण तुमच्या गाडीची सिस्टिम उघडी आहे. झाकण फक्त झाकण आहे, आतला ओव्हरफ्लो पाइप थेट बाहेर हवेत उघडतो, त्यामुळे रेडिएटरची टाकी आणि नळ्यांचे जुने झाळकामाचे जोड असा दाब सोसायला बनवलेलेच नाहीत, १५ पीएसआय दिलात तर नसलेली गळती तयार होईल.

आधी एक बघा, पाणी काठोकाठ भरता का? या गाडीत जास्तीचं पाणी बाहेर पडणारच, इंजिनाचा पाण्याचा पंप रेडिएटरच्या वरच्या टाकीत जोरात पाणी टाकतो ना. पाणी न घालता दोन-तीन फेऱ्या मारा आणि गार झाल्यावर पातळी बघा. वरच्या टाकीतली नळ्यांची तोंडं बुडलेली असतील आणि पातळी तिथेच टिकत असेल तर काही बिघडलेलं नाही.

पातळी उतरतच राहिली तर गार इंजिनाचा, पाण्याचा पंप फिरवणारा बेल्ट काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा, झाकण उघडं ठेवून मिनिटभरच इंजिन चालवा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या, पण एकसारखे येत राहिले तर जळलेला गॅस पाण्यात शिरतोय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलंय नाहीतर कुठेतरी तडा आहे.

बुडबुडे नसतील तर मला संशय गाळाचाच येतो. बेल्ट परत चढवा, गाडी गरम करून इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता तापमान मोजणारा) आडवा फिरवा, शेजारच्या नळ्या तापलेल्या आणि मधेच एक उभा पट्टा गार लागला तर तेवढ्या नळ्या बुजल्यात. चकचकीत धातूवर मात्र हा थर्मामीटर बराच कमी आकडा दाखवतो, म्हणून इंजिनाच्या बाजूने काळ्या रंगावर धरा, किंवा काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. खात्री करायची तर गार झाल्यावर रेडिएटरचे दोन्ही होज (रबरी पाइप) काढा, खालचं तोंड तळहाताने दाबून वरपर्यंत पाणी भरा आणि हात सोडा. पाणी धबाधबा पडायला हवं, बारीक धार लागली तर रेडिएटर उतरवून उलट्या दिशेने फ्लश करा.

आणि हो, स्टिअरिंगखालची डावी स्पार्कची दांडी गाडी सुरू झाल्यावर खाली ओढता ना? ती वरच राहिली की स्पार्क उशिरा पडतो आणि रेडिएटर कितीही स्वच्छ असला तरी इंजिन तापतं. हे खरं तर सगळ्यात आधी बघा, फुकटात होतं.