पूर्व भागातली अभ्यासिका चालवायला सोलापुरातून पैसा कसा उभा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या चाळीसेक मुलींसाठी रोज संध्याकाळी अभ्यासिका चालते. संस्था नोंदवून दीड वर्ष झालंय. जागेचं भाडं आणि दोन ताईंचं मानधन वर्गणीतून निघत नाही. एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी (कंपन्यांनी कायद्याने नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च) अर्ज करावा का, आणि करायचा तर कसा?

यंदा सीएसआरच्या मागे लागू नका. तुमच्या कामाला लागणारा पैसा शहरातच आहे, पण तो लहान-लहान रकमांमध्ये आहे, आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मापाची मागणी घेऊन गेलात तरच तो मिळतो.

सीएसआर का नको, ते आधी. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ फक्त कंपन्यांना लागू होतं, आणि तेही नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी आकडा गाठला असेल तर. आपल्याकडचे बहुतेक चादर-टॉवेल कारखानदार आणि सुताचे व्यापारी एकल मालकीत किंवा भागीदारीत आहेत. त्यांना सीएसआर लागूच नाही. सहकारी साखर कारखान्याला नाही, कारण ती सहकारी संस्था आहे. खासगी साखर कारखाना कंपनी असेल आणि त्या मर्यादेत येत असेल, तर त्याला आहे. म्हणजे 'तुमचा सीएसआर किती?' हा प्रश्न घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फिरलात, तर दहातल्या बहुतेक दारांत तो प्रश्नच चुकीचा ठरेल आणि जो माणूस खिशातून वीस हजार देणार होता तोही आखडता हात घेईल.

ज्या कंपन्यांना सीएसआर खरोखर लागू आहे, त्यांच्याकडून पैसा घ्यायला संस्थेकडे आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) नोंदणी, कंपनी मंत्रालयाचा सीएसआर क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमची तीन वर्षं व्हायची आहेत. काही जण सुचवतील की पैसे नकोत, कंपनीने थेट बाकं आणि संगणकच घेऊन द्यावेत. त्यातही अडचण आहे. सीएसआरमधून उभी राहिलेली स्थावर-जंगम मालमत्ता सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावरच राहू शकते. यातून निघणारी एक वाट मात्र चांगली आहे: महापालिकेच्या शाळेचा वर्ग संध्याकाळी वापरायची लेखी परवानगी घ्या आणि बाकं, पंखे, संगणक शाळेच्या नावावर येऊ द्या. तुमचं भाडंही वाचेल. परवानगी मुख्याध्यापकांच्या तोंडी 'हो'वर ठेवू नका. मुख्याध्यापक बदलले की कुलूप बदलतं.

आता कागद. देणगी मागायला निघण्याआधी एका फाईलमध्ये हे हवंच: नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद, जिच्यावर विश्वस्तांची नावं असतात) ताजा उतारा, घटना किंवा विश्वस्तपत्र, संस्थेचं पॅन, १२ए आणि ८०जीचे आदेश, दर्पण क्रमांक (सरकारच्या एनजीओ-दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक), शेवटचं ऑडिट, रद्द केलेला चेक आणि विश्वस्त मंडळाचा ठराव. यात सगळ्यात जास्त अडकतं ते परिशिष्ट एकवर. एखादा विश्वस्त वारला किंवा राजीनामा देऊन गेला, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही की उताऱ्यावर जुनी नावं, बँकेत नवी सही आणि ठरावावर तिसरीच, असं चित्र होतं. बँक असो वा कंपनी, कोणीही ही फाईल पुढे सरकवत नाही. वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत दाखल झालंच पाहिजे. पहिल्या वर्षी उलाढाल साठ हजारांची असली तरीसुद्धा.

आयकराच्या नोंदणीत नव्या संस्था हमखास एका ठिकाणी चुकतात. काम सुरू व्हायच्या आधी मिळते ती तात्पुरती नोंदणी, तीन वर्षांची. पक्क्या नोंदणीचा अर्ज काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपायच्या सहा महिने आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. 'तीन वर्षं आहेत की' म्हणून बसलेल्यांची ८०जी बंद पडते. तुमचं काम दीड वर्ष सुरू आहे, तेव्हा याच आठवड्यात सीएंना आदेशाची प्रत दाखवा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे, कलमं आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत. लोक ८०जीच म्हणत राहतील, पण पावतीवर कोणतं कलम छापायचं ते सीएंकडून लिहून घ्या.

८०जीचा उपयोग कुणाला होतो, हे ओळखून मागितलं तर वेळ वाचतो. पगारदार माणूस नव्या करप्रणालीत असेल तर त्याला ही वजावट मिळत नाही. त्याच्यापुढे करबचतीचं भाषण करू नका, मुलींबद्दल बोला. भागीदारी फर्मला मात्र ती मिळते, आणि सोलापूरचा व्यापार बराचसा फर्मवरच चालतो. म्हणून चाटी गल्लीत, नव्या पेठेत किंवा मार्केट यार्डात जाल, तेव्हा शेठना विचारा: देणगी घरच्या नावाने की फर्मच्या? पावती ज्या नावाने, चेक त्याच खात्याचा आणि पॅन त्याचंच. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. सगळ्या देणगीदारांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, दंड वेगळा. पण खरा तोटा असा की शेठच्या सीएला वजावट दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलला जात नाही.

वस्तूरूपाने येणाऱ्या मदतीचं वेगळं सांगतो, कारण या शहरात चादरी आणि टॉवेल पटकन देऊ केले जातात. वस्तूंवर ८०जी मिळत नाही. पैशांची पावती फाडू नका, वस्तू मिळाल्याची पोच द्या: नग, वर्णन, तारीख. शिवाय कारखानदाराने माल फुकट दिला, तर त्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्याला परत करावं लागतं. हे आधीच बोलून घ्या. पुष्कळदा तो मग म्हणतो, 'त्यापेक्षा चेकच घ्या', आणि तुम्हाला तेच हवं असतं.

आता मागणी कशी मांडायची. मुख्य गाठ इथेच आहे. 'अभ्यासिकेला मदत करा' या वाक्यावर पाचशे एक रुपये मिळतात. इमारतीला, पाटीला, उद्घाटनाला पैसे देणारे भेटतात, मात्र दर महिन्याच्या भाड्याला आणि ताईंच्या मानधनाला कोणी नाव देत नाही. म्हणून चालवण्याचा खर्चच देणाऱ्याच्या मापाने कापून समोर ठेवा. उदाहरणादाखल महिन्याचा हिशेब धरू: भाडं ७,०००, दोन ताईंचं मानधन १२,०००, वीज आणि इंटरनेट २,०००, वह्या, पुस्तकं, झेरॉक्स २,०००, साफसफाई १,५००, ऑडिट आणि किरकोळ १,५००. एकूण २६,०००. चाळीस मुलींनी भागलं तर एका मुलीचे महिन्याला ६५०, वर्षाला ७,८००. वर्षाची गरज ३,१२,०००.

हा आकडा असा फोडता येतो. पंधरा कुटुंबं प्रत्येकी एका मुलीचं वर्ष उचलतील: १,१७,०००. दोन फर्म प्रत्येकी ४५,०००: ९०,०००. सहकारी बँक किंवा पतसंस्था: ५०,०००. महिन्याला ५०० देणारे दहा जण: ६०,०००. बेरीज ३,१७,०००, म्हणजे गरजेहून थोडी वर. यात कोणा एकाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नाही, हे मुद्दाम ठेवलंय. एकाच दात्यावर उभी असलेली अभ्यासिका त्याच्या धंद्यातल्या एका मंदीत बंद होते, आणि यंत्रमागाच्या गावात मंदी काय असते हे सांगायला नको. मानधनाबद्दल बोलताना ओशाळू नका. त्या ताई आल्या नाहीत तर बाकं आणि पंखे असूनही अभ्यास होत नाही.

पन्नास हजारांसाठी सहकारी संस्थांकडे जायचं ते कसं, ते नीट समजून घ्या. सहकारी संस्थेला नफ्यातून धर्मादाय कामासाठी रक्कम बाजूला काढता येते. अहवालात 'धर्मादाय निधी' या ओळीवर ती दिसते. वार्षिक सभेचे अहवाल सभासदांना मिळतात, ओळखीच्या सभासदाकडून मागून त्या ओळीवर किती शिल्लक आहे ते पाहा आणि त्याच्या आतलीच रक्कम मागा. नागरी सहकारी बँकेला वर्षभरात आधल्या वर्षीच्या नफ्याच्या एक टक्क्यापर्यंतच देणग्या देता येतात, आणि संचालकांचं हितसंबंध असलेल्या संस्थेला देता येत नाही. तेव्हा बँकेच्या संचालकाला मोठेपणा म्हणून आपल्या विश्वस्त मंडळावर घेऊ नका, तीच बँक तुम्हाला बंद होईल. सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकतात. अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये पोचलेला असावा.

याच संदर्भात एक इशारा. जास्त व्याजासाठी संस्थेच्या ठेवी पतसंस्थेत ठेवायचा मोह होतो, आणि ती पतसंस्था देणगी देणारी असेल तर नाही म्हणवत नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे पैसा शेड्यूल्ड बँकेत, टपाल खात्यात किंवा शासनमान्य सहकारी बँकेत ठेवायचा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती बुडाली तर विश्वस्तांना व्यक्तिशः जबाब द्यावा लागेल.

रोटरी आणि लायन्स यांचं वर्ष १ जुलै ते ३० जून. नवे अध्यक्ष आपलं वर्ष मे-जूनमध्ये आखतात, भेट तेव्हाच घ्या. रोटरीच्या मोठ्या ग्लोबल ग्रँटची सुरुवातच ३० हजार डॉलरच्या अंदाजपत्रकापासून होते आणि अर्ज क्लबच करतो, बाहेरची संस्था नाही. तुमच्या कामाला ते माप बसत नाही. क्लबकडे एकरकमी वस्तू मागा: इन्व्हर्टर, पाण्याची टाकी, पुस्तकांची कपाटं. दर महिन्याचा खर्च त्यांच्याकडे मागू नका, कारण वर्षाने अध्यक्ष बदलतात.

वेळ पाळा. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा. त्या पंधरवड्यात बाजारात कोणी बसून ऐकत नाही. श्रावणात आणि गणपतीच्या तोंडावर प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर वर्गणीची पुस्तकं पडलेली असतात. फर्मसाठी फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम, कारण वर्षाचा नफा दिसू लागलेला असतो. कुटुंबांसाठी वाढदिवस आणि पुण्यतिथी. त्या तारखा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी महिनाभर आधी पत्र पाठवा. पत्र एकच पान, मराठीत. पूर्व भागात तेलुगूत आणि अक्कलकोट बाजूच्या व्यापाऱ्यांसाठी कन्नडमध्येही करून घ्या. आपल्या भाषेतलं पत्र माणूस शेवटपर्यंत वाचतो.

एखादं तरुण मंडळ तुमच्यासाठी वर्गणी जमवतो म्हणालं, तर ते मंडळ नोंदणीकृत आहे का ते विचारा. नसेल तर त्याला त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. सोपा मार्ग असा की पावतीपुस्तक तुमचंच द्यावं, अनुक्रमांकासह, आणि उरलेल्या कोऱ्या पावत्याही मोजून परत घ्याव्यात. निनावी देणग्या वर्षाला एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या आकड्याच्या वर गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. दानपेटी ठेवलीत तरी मोठ्या रकमेला नाव, पत्ता घ्याच.

परदेशात स्थायिक झालेले सोलापूरकर आपुलकीने पैसे पाठवतात. पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे बँकेतून आले तर अडचण नाही. नागरिकत्व बदललेलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, तो परकीय निधी ठरतो आणि एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. घेण्याआधी पासपोर्टची प्रत मागा. मागताना संकोच वाटेल, तरी मागा. अशा माणसाने इथल्या भावाला पैसे पाठवून भावाने देणगी द्यायची, ही पळवाट कोणी सुचवली तर तिथेच थांबवा.

दाते एक प्रश्न हमखास विचारतात: 'विडी कामगारांच्या मुलांना सरकार देत नाही का?' देतं. केंद्राच्या कामगार कल्याण योजनेतून शिष्यवृत्ती आहे, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. आईचं विडी कामगार ओळखपत्र आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकामुळे बरेच अर्ज अडतात. अभ्यासिकेत चाळीस मुलींचे अर्ज बसून भरून घ्या. मुलींच्या हाती पैसे येतील आणि दात्याला सांगायला तुमच्याकडे ठोस उत्तर असेल.

हिशेब देण्याचं शेवटी सांगतो, पण ते पहिल्या महिन्यापासून करा. हजेरीपट, मानधनाच्या सह्यांचा तक्ता, भाड्याची पावती, वीजबिल आणि खात्याचा उतारा यांची दर महिन्याला एक फाईल. मानधन रोख न देता खात्यावर द्या. दर तीन महिन्यांनी प्रत्येक दात्याला अर्धं पान: किती आले, कशावर गेले, सरासरी हजेरी किती, किती मुली आल्या नाहीत आणि का. मुलींचे चेहरे आणि पूर्ण नावं छापू नका; पालकांची लेखी संमती असली तरी 'गरीब मुलगी' म्हणून फोटो फिरवू नये. हजेरी उतरली असेल तर तीही लिहा. दिवाळीआधी विड्यांचं काम वाढलं आणि मुली घरी बसल्या, हे कारण सोलापूरच्या दात्याला समजावून सांगावं लागत नाही. दीड वर्षाच्या अशा फायली जमल्या की तुमची तीन वर्षं पूर्ण होतील, आणि तेव्हा सीएसआरचा अर्ज करताना अनुभवाचा पुरावा म्हणून त्याच जोडता येतील.