‘करमत नाही’ हेही डॉक्टरांना सांगा

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. सासरे ७४ वर्षांचे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि पायांची जळजळ. सासूबाई गेल्यावर त्यांना इकडे परदेशात आणलं. गेले सहा महिने गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, बोलताना शब्द अडतात. काही विचारलं की ‘आठवत नाही गं, सोड’ म्हणतात. ‘बाबांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालाय का?’

असू शकेल. पण ताई, मी अडकले ती त्या ‘सोड’पाशी. डिमेन्शियाच्या सुरुवातीला माणसं बरेचदा विसरणं लपवतात, हसून वेळ मारून नेतात. नैराश्यातला माणूस प्रयत्न न करताच हात टेकतो आणि स्वतःच्या विसरण्याची तक्रारही करतो. हा काही पक्का नियम नव्हे, दोन्ही एकत्रही असतात. पण नैराश्यात लक्षच एकवटत नाही, आणि जे नीट आत गेलंच नाही ते आठवणार कुठून? थोडी खूण दिल्यावर आठवतंय का, ते बघा.

बाकीचे आजारही त्याच डोक्यावर भार टाकत असतात. साखर फार उतरली किंवा चढली तरी विचार गढुळतात. वर्षानुवर्षांचा रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. थायरॉइड कमी पडलं की माणूस मंदावतो आणि दिसतो मात्र उदास. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेतल्यानं बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं. त्यात मन खचलं की गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की साखर चढते. दवाखान्यात मात्र जो तो आपापला अवयव बघतो.

आता गोळ्यांची पिशवी. परदेशातल्या आपल्या घरांत ही हमखास दुहेरी असते: बॅगेतून आणलेला साठा आणि इथल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. नावं वेगळी आणि औषध एकच, असं सर्रास होतं. वेष्टनावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा. पायांच्या जळजळीसाठी ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, यांतलं काही निघालं तर ते म्हाताऱ्या मेंदूला धुक्यात लोटू शकतं. नैराश्याच्या काही गोळ्या आणि रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या एकत्र आल्या, तर रक्तातलं सोडियम उतरून गोंधळ उडू शकतो. पण मनानं काहीच बंद करू नका. झोपेची गोळी अचानक थांबवणं तर धोक्याचंच. सगळी पिशवी फार्मासिस्टपुढे रिकामी करा.

आणि दवाखान्यात दुभाषा मागा. तुमचे यजमान कितीही प्रेमानं भाषांतर करोत, ‘करमत नाही’चं ते ‘कंटाळा येतो’ करून टाकतील. आपली वडीलधारी मंडळी ‘मी उदास आहे’ असं क्वचितच म्हणतात. ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड झालंय’, ‘आता कशासाठी जगायचं’ असं म्हणतात. शेवटचं वाक्य तर मुलासमोर ओठांवर येतच नाही. ते कधी कानावर आलं तर विषय बदलू नका. जीव नकोसा झालाय का, असं सरळ विचारा आणि लगेच मदत घ्या. स्मरणशक्तीची ३० गुणांची चाचणीही मराठीतच व्हायला हवी. नाहीतर गुण त्यांच्या इंग्रजीला पडतील.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तारखा लिहून काढा: आधी झोप बिघडली की आधी विसरणं, गोळी कधी बदलली? तपासण्यांत थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर आणि कानांची तपासणी धरा. ऐकूच न आलेलं ‘विसरलं’ म्हणून खपतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. त्यांत मधुमेह, रक्तदाब, नैराश्य, बहिरेपणा आणि एकटेपणा आहेत. तुमच्या पत्रात त्यांतले निदान तीन तरी दिसतात. मात्र गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर तारखेची वाट न बघता तातडीच्या विभागात जा. एखादा साधा जंतुसंसर्गही असं करतो.

नैराश्याच्या औषधाला काही आठवडे द्यावे लागतात, आणि मन सावरलं तरी स्मरण मागून येतं, कधी पूर्ण येतही नाही. उतारवयातलं नैराश्य ही कधीकधी डिमेन्शियाचीच पहिली चाहूल असते, म्हणून काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करून घ्या. तोवर गोळ्यांसाठी वारांचे खण असलेला डबा आणा. आणि ‘आत्ताच तर सांगितलं ना बाबा’ हे वाक्य घरातल्या सगळ्यांनीच बंद करा.